कोणी धरू नका

ज्याला चक्कर येत नाही त्याला चक्कर म्हणजे काय ते सांगायला जाऊ नये. तो लगेच लिंबू-सरबत सुचवतो. नाहीतर म्हणतो, 'तू नीट जेवत नाहीस.' माझ्या आयुष्यातला बराच काळ हे लिंबू-सरबत ऐकण्यात गेलाय, त्यामुळे या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

डावा कान माझा लहानपणापासून वाहायचा. धुळ्याला आमच्या घरी त्याचं कोणाला फारसं काही वाटत नव्हतं. कापसाचा बोळा घालायचा, लसूण टाकून कोमट केलेलं तेल सोडायचं, आणि मुलगी बघायला पाहुणे आले की त्यांच्याकडे उजवा कान येईल असं बसवायचं. असं बसवूनच माझं लग्न जमलं. सासर चोपड्याच्या बाजूला, केळीच्या पट्ट्यातल्या एका गावात. डीएड झालेलं होतं, लग्नानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. शाळा सासरच्या गावापासून थोड्या अंतरावर, एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं आणि शेताच्या कडेने चालत गावात. नवरा जळगावला पाईपच्या कारखान्यात होता. तिथेच खोली घेऊन राहायचा, शनिवारी यायचा. घरात आम्ही तिघं. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. सासूबाई, त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्का. आणि मी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कानाने फारच मनावर घेतलं. घाण वास यायला लागला, डोकं ठणकायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, आतलं हाड किडलंय, आता नाही काढलं तर मेंदूपर्यंत जाईल. हे ऐकल्यावर लसणाचं तेल संपलं एकदाचं. ऑपरेशन झालं. वाहणं थांबलं, वास गेला, ठणका गेला. सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. आणि पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी खाटेवरून पहिल्यांदा पाय खाली टाकला, तर खोली गरकन फिरली आणि मी थेट माझ्या आईच्या अंगावर.

डॉक्टर तसे तुटक बोलणारे, पण त्यांनी मला बसवून समजावलं. म्हणाले, "ऐकण्याबरोबर तोल सांभाळणंही कानाचंच काम. तुमच्या डाव्या कानातला तो भाग किडीने पोखरला होता, तो आता धड काम करणार नाही. उजवा कान, डोळे आणि पाय मिळून ते काम शिकतील. पण तुम्ही चालाल तेव्हा शिकतील. कोणाचा हात धरून चाललात, तर तो हात शिकेल. तुमचे पाय शिकणार नाहीत." चकरेच्या गोळ्या थोडे दिवस दिल्या आणि मग त्याही बंद करायला सांगितल्या. गोळ्यांनी बरं वाटतं, पण शिकणं लांबतं म्हणे.

काही दिवसांनी मी सासरी आले. पायांनी शिकायचं होतं खरं, पण शिकू कोण देतंय!

मी उठले की धरलंच. आबा हाक मारायचे, शेजारच्या काकू धावत यायच्या, त्यांची सून दुसऱ्या बाजूने. नवरीला मांडवात नेतात तसं मला न्हाणीपर्यंत न्यायच्या. मी म्हणायचे, अहो सोडा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्या म्हणायच्या, "राहू दे वं माय, डाक्टरले काय जास?" खरंच आहे, डॉक्टरचं काय जातं. जात तर माझं होतं.

काय काय सांगू. गादीवर कूस बदलली की छत सरकायचं. दोरीवरचं लुगडं काढायला मान वर केली की मागे जायचे. न्हाताना डोळ्यांत साबण गेला, डोळे मिटले, की न्हाणीची भिंत कुठे आहे तेच कळेनासं व्हायचं. डोळे उघडे असतील तोवर त्यांच्या जिवावर उभी राहायचे, अंधार झाला की संपलं. आणि त्या काळी गावात बायकांना पहाटे अंधारातच बाहेर जावं लागायचं, ते कोणाला सांगायला नको. तेव्हा अक्का बरोबर यायच्या. पण त्या कधी धरायच्या नाहीत. कंदील घेऊन पुढे चालायच्या आणि उजेड माझ्या पायापुढे पडेल असा तो मागे धरायच्या. घरात मला न धरणारं तेवढं एकच माणूस होतं.

गावाने आपापले अर्थ काढले. डुलत चालणारी सून दिसली की बायकांची नजर आधी पोटाकडे. "दिवस गयात का?" नाही म्हटलं की तोंड पडायचं. पोरं माझ्यामागे झुलत चालून दाखवायची. एकदा एसटीने चोपड्याला गेले, बरोबर अर्थातच काकू. खिडकीतून बाहेर बघितलं तर केळीच्या ओळी सटासट मागे पळताहेत. ज्या ओळी बघायला मला एरवी आवडायचं, त्या बघून मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकले. हे घरी कळलं. झालं, आबांचा निर्णय पक्का झाला.

आबा वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. कमी बोलायचे, कोणाच्या अध्यातमध्यात नसायचे. पण घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "पोरी, लोकाची लेक तू. फाट्यावर उतरली आणि ट्रकखाली गेली तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? केळी आहेत, कापूस आहे, काय कमी आहे? रजा काय, आज ना उद्या संपेलच. कानबाईचे रोट होऊ दे. मग राजीनामा देऊन टाक." माझ्याशी ते नेहमी असं शहरी बोलायचे, मी शिकलेली म्हणून.

 शाळा म्हणजे नुसता पगार नव्हता हो. सकाळी डबा घेऊन मी घराबाहेर पडायचे, तेव्हा मी कोणाची सून नसायचे. वर्गातली पोरं मला बाई म्हणायची. फाट्यापासूनचा तो शेतकडेचा रस्ता माझा एकटीचा असायचा. तो गेला की मग स्वयंपाकघर ते ओटा, ओटा ते स्वयंपाकघर, आणि दोन्ही बाजूंनी धरलेले हात. जन्मभर. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला आबांशी. तो म्हणाला, "बघतो सांगून." त्याचं बघणं मला माहीत होतं. शनिवारी यायचा, केळ्यांच्या भावावर बोलायचा आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. मुलगा सोन्यासारखा, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

अक्कांनी मात्र एकदा तोंड उघडलं. आबा जेवत होते. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "तिले थोडं चालू द्या ना. डाक्टर म्हनस..." आबांनी पुढचं ऐकलंच नाही. "तू गप बस. तुले काय समजस त्यामधलं?" अक्कांनी वाटीत आमटी वाढली आणि आत गेल्या. त्यांच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. सवयीचं असावं.

मी दार लावून घेऊन खोलीत व्यायाम करायचे. अंगठा डोळ्यांसमोर धरून मान इकडे तिकडे. एका पावलापुढे दुसरं पाऊल लावत भिंतीपर्यंत. पडले की बाहेर आवाज जायचा आणि सगळे दार वाजवायचे. मग मी ओरडायचे, "काही नाही झालं! पेटी सरकवतेय!" त्या पेटीने फार सोसलं माझ्यासाठी. पण खोली ती केवढी, चार पावलांत भिंत. त्यात पाय किती शिकणार?

तर असे ते रोट आले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नावावर जाऊ नका, तिचा आणि कानाच्या दुखण्याचा काही संबंध नाही. नारळाला डोळे, नाक, नथ लावून, दागिने घालून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला नेतात. घरचे गहू दळून त्याचे रोट करायचे, पुरणपोळ्या, खीर, आणि ते भाऊबंदांनीच संपवायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. कामाला असलेली सगळी मुलं या दिवसांत घरी येतात. माझा नवराही रजा काढून आला होता.

कानबाई निघाली की बायकांच्या अंगात येतं. दर गल्लीतली एखादी तरी घुमायला लागते. मग सगळे तिच्या पाया पडतात, तिला विचारतात, ती सांगते, घरचे ऐकतात. वर्षभर जिचं कोणी ऐकत नाही तिचंसुद्धा. अक्कांच्या अंगात मात्र कधी आलं नव्हतं. त्या घुमणाऱ्या बायकांना पाणी द्यायच्या, पदर सारखा करायच्या आणि पुन्हा चुलीपाशी. मला हळूच म्हणायच्या, "जिले काम नही, तिनाच आंगमा देवी येस." अक्कांना कामच इतकं असायचं की देवी तरी कधी येणार!

त्या वर्षी कानबाई डोक्यावर घ्यायचा मान माझा होता. आबांनी तो माझ्या चुलत जावेला दिला. बरोबरच केलं, देवी माझ्या डोक्यावरून खाली आली असती तर गावाने मला जन्मभर माफ केलं नसतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. मला आरतीचं ताट दिलं आणि दोन बाजूंनी दोघी. सोमवारी सकाळी बँड पुढे, त्यामागे नाचणारी पोरं, मग जाऊ, मग आम्ही बायका. ऊन निघालं होतं. गुलाल उडत होता. माझ्यापुढे सगळी माथी वरखाली, वरखाली होत होती आणि मी नजर कुठे ठेवावी हेच कळत नव्हतं. एका जागी बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी जावेच्या डोक्यावरच्या नारळाच्या नथीकडे बघत चालले. पण जाऊही नाचत होती.

नदीचा उतार लागला. चिखल होता. धरणाऱ्या दोघींपैकी एकीला फुगडीला ओढून नेलं. दुसरीने कोणाला तरी बघून हात सोडला. त्याच वेळी मागून माझ्या नावाने हाक आली आणि मी वळले.

मान झटक्यात वळवायची नाही, हे मला पाठ होतं. पण हाक आली की माणूस वळतंच. नदी, बँड, गुलाल, सगळं एकदम एका बाजूला ओतलं गेलं. ताट हातातून गेलं. मी दोन्ही हात बाजूला पसरले, पाय फाकवले आणि पडू नये म्हणून पुढे-मागे, पुढे-मागे झुलायला लागले. अंबाडा सुटला.

"माय वं!" काकू ओरडल्या. "बहूना आंगमा देवी उनी!"

एका क्षणात माझ्याभोवती रिंगण झालं. बँडवाल्यांनी तर ठेका वाढवला, त्यांना वाटलं देवीला तोच हवा असतो. कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी पायावर पाणी ओतलं. गार पाणी, खाली चिखल, मी आणखी घसरायला लागले. दोघी मला सावरायला आल्या आणि त्यांच्या ओढाताणीने माझा उरलासुरला तोल गेला. तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. सगळ्या महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. "सोडा मला! कोणी धरू नका!"

सगळे दोन पावलं मागे सरले. हुकूम झाला होता ना!

"काय चुकनं आमनं, माय?" काकूंनी हात जोडले. "सांग."

"अहो काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "मला चक्कर येतेय. मला बसू द्या."

"देवी शुद्ध बोलस वं," मागून एक म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, "धुळाकडनी व्हई." आणि दोघींनी पुन्हा नमस्कार केला.

आज हसू येतं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोटात ढवळत होतं, डोळ्यांपुढे नथ, टोप्या, हात, काहीच एका जागी राहात नव्हतं. देवी ओकली तर काय करतात, हे कोणाला माहीत असेल का, असा विचारही मनात येऊन गेला. आबा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घाबरून आणि बहुतेक लाजेनेही, कारण माझ्या नवऱ्यासकट सगळ्यांनी हात जोडले होते आणि घरातली दोनच माणसं जाणत होती की ही देवी नाही, ही तीच चक्कर आहे. एक आबा. आणि दुसऱ्या अक्का.

अक्का रिंगणात आल्या. एवढीशी बाई, वाऱ्याने उडेल अशी. मला वाटलं, नेहमीप्रमाणे पाणी घेऊन आल्या असतील. त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. डोक्यावरचा पदर खाली टाकला. आबांसमोर, अख्ख्या गावासमोर. मग केस सोडले. पांढरे केस, मी ते मोकळे कधी पाहिले नव्हते. आणि त्या घुमायला लागल्या.

गर्दी माझ्यावरून सरकून त्यांच्यावर गेली. म्हणजे खरोखरच सरकली, सगळ्यांची तोंडं तिकडे. एवढी वर्षं जिच्या अंगात आलं नाही तिच्या अंगात आलं, मग माझ्याकडे कोण बघतंय? मी तिथेच चिखलात मटकन बसले. बसल्यावर जग हळूहळू जागेवर यायला लागलं.

"त्याले बोलावा," अक्का म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "या घरना धनीले बोलावा."

आबा पुढे आले. टोपी काढली. मी बसल्या जागेवरून बघत होते. आबा अक्कांच्या पायाशी वाकले, टोपी त्यांच्या पायांवर ठेवली आणि म्हणाले, "हुकूम कर, माय."

"त्या पोरीले कोनी धरानं नही," अक्का म्हणाल्या. "पडी ते पडू द्या. तिनी तीच उठी. तिले एकली चालू द्या. शाळामा जाऊ द्या. आयकं का?"

"आयकं, माय."

"जो धरी त्याना हात मी धरसू."

अशी धमकी कोणत्या देवीने आजवर दिली नसेल. आबांनी पुन्हा डोकं टेकवलं. माझा नवरा बाजूला हात जोडून उभा, त्याच्या डोळ्यांतून पाणी. अक्का आणखी थोडा वेळ डुलल्या, मग खाली बसल्या. कोणीतरी त्यांच्या पदरात नारळ घातला. त्यांनी पाणी मागितलं, केस बांधले, पदर घेतला आणि जावेला म्हणाल्या, "चाल वं, ऊन तापी राह्यनं."

कानबाई शिरवून परत निघालो. मी उठले तेव्हा नवऱ्याचा हात सवयीने पुढे आला आणि तसाच मागे गेला. नदीपासून घरापर्यंत मी एकटी चालले. एकटी म्हणजे मागे सगळं गाव, पण माझ्या अंगाला कोणाचा हात नाही. चढावर एकदा मी गुडघ्यांवर पडले. कोणी हललं नाही. काकूंनी तोंडावर पदर घेतला. मी हात टेकून उठले, लुगड्याचा चिखल झटकला आणि चालायला लागले. मला हसायला येत होतं. किती दिवसांनी मी चारचौघांत स्वतः पडले होते आणि स्वतः उठले होते! कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या पडण्याचं मला फार सुख झालं.

त्या दिवसापासून आबा माझे पहारेकरी झाले. मी अंगणात चालायला लागले की ते ओट्यावर येऊन बसायचे. कोणी जवळ यायला लागलं की ओरडायचे, "धरू नका रे तिले!" मी झुलले की त्यांच्या हाताची मूठ वळायची, ओट्याचा खांब ते घट्ट पकडायचे, पण जागेवरून उठायचे नाहीत. त्यांना ते किती जड जात होतं हे मला दिसायचं. एकदा मी पडले आणि कोपर फुटलं, तर हे गृहस्थ खांबाला धरून डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, "आबा, उठले मी." तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

अंगणातून गल्ली, गल्लीतून पार, पारापासून शेताचा बांध. बांधावरून चालता आलं तेव्हा मला वाटलं मी एखादी परीक्षा पास झाले. पाय शिकत होते, डॉक्टर म्हणाले होते तसंच. चक्कर पूर्ण गेली नाही, आजही नाही. अंधारात मी भिंतीला बोट लावते, शिडीवर चढत नाही, आकाशातलं विमान कोणी दाखवलं तर बसून बघते. पण ती माझ्या घरात पाहुण्यासारखी राहते, मालकिणीसारखी नाही.

धुळ्याला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. मी चालले. ते खूश झाले. म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही म्हणत होतात घरचे सोडत नाहीत. आता?"

"आता देवीने बजावलंय," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमचं कोणी ऐकत नाही. यापुढे तिच्याकडेच पाठवत जाईन."

रजा संपायच्या आत मी शाळेत हजर झाले. राजीनाम्याचा विषय आबांनी पुन्हा काढला नाही. देवीचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. पहिल्या दिवशी सकाळी मी डबा भरला, छत्री घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले. निम्म्या रस्त्यात मला मागे चपला वाजल्यासारख्या वाटल्या. मी आधी थांबले, मग सावकाश वळले. अक्का. हातात रिकामी पिशवी, बाजाराचा दिवस नसताना.

"कुठे चाललात?"

"कोठे नही. तू चाल."

थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मला कितीतरी दिवस विचारायचं होतं, पण घरात आबा असायचे, आणि असं विचारणं चांगलंही नव्हे. तरी मी विचारलं. "अक्का, खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या अंगात आली होती का?"

अक्का रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. मग त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"इतला साल व्हयनात, मी बोलस या घरमा," त्या म्हणाल्या. "त्यासनी आयकं ते त्याच दिन. आनी तेबी मनं नही, देवीनं."

 लांबून एसटी दिसली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "वाकू नको वं, चक्कर यी." तरी मी पडलेच. एसटी आली. मी दांडा धरून चढले, बसायला जागा मिळाली. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसत्या उभ्या राहून बघत होत्या, आणि मी बसले हे दिसल्यावर वळल्या. फाटा येईपर्यंत मला इतकं हलकं हलकं वाटत होतं की मी दोनदा स्वतःशी हसले, आणि डोळ्यांचं पाणीही थांबत नव्हतं. मी सुटले होते. अक्का स्वयंपाकाला घरी परत गेल्या होत्या.